‘टी-एआर.जीएमओ सापडत नाही’: बिल्डची साधने आणि तयार होणाऱ्या भाषांतर-फायली

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यातल्या बारकाव्यांतच उत्तर दडलेले आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीवर, उबुंटू असलेल्या लॅपटॉपवर, तुम्ही सी भाषेत लिहिलेल्या एका मुक्त प्रकल्पाची गिट रिपॉझिटरी क्लोन केली, म्हणजे त्याच्या कोडची पूर्ण प्रत उतरवून घेतली. ‘पीओ’ फोल्डरमध्ये मराठीची ‘एमआर.पीओ’ ही नवी फाइल घातली, चाळीस वाक्यांचे भाषांतर केले, ‘लिंग्वास’ नावाच्या भाषांच्या यादीत ‘एमआर’ लिहिले आणि मेक हे प्रोग्रॅम बांधणारे साधन चालवले. मेक थांबले ते ‘टी-एआर.जीएमओ ही फाइल सापडत नाही’ अशी ओळ दाखवून. म्हणजे तक्रार अरबीची, जिला तुम्ही हातही लावलेला नव्हता. अरबी यादीतून काढली, तर तीच तक्रार बल्गेरियनबद्दल आली. ‘गेटटेक्स्ट’ या भाषांतराच्या साधनाला आवृत्ती विचारली की ते नीट उत्तर देत होते, म्हणून ते बसवलेले आहे असे तुम्ही धरले होते. नंतर वर्गातल्या एकाने सांगितले म्हणून गेटटेक्स्टचे पॅकेज बसवले, मेक पुन्हा चालवले, आणि एरर जशीच्या तशी राहिली. आता एक मित्र म्हणतो की प्रकल्पाच्या टारबॉलमधल्या, म्हणजे प्रसिद्ध आवृत्तीच्या गठ्ठा-फाइलमधल्या, तयार जीएमओ फायली उचलून या फोल्डरमध्ये टाकाव्यात. तसे करावे का, आणि नसेल तर काय करावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

जीएमओ फायली उचलून टाकू नका. लिंग्वास यादीत काढलेली अरबी परत आणा, ‘एमआर’ तसेच राहू द्या, आणि मेकच्या आधी कॉन्फिगर ही संगणकावरची साधने तपासणारी स्क्रिप्ट नव्याने चालवा. बहुधा एवढ्यानेच काम होईल. पण हे का होते ते समजून घेतले नाही, तर हीच अडचण पुढच्या प्रकल्पात वेगळ्या रूपात उभी राहील, म्हणून सविस्तर लिहितो.

पीओ ही माणसाने लिहिण्याची फाइल आहे. त्यात मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली भाषांतर अशा जोड्या असतात. चालू प्रोग्रॅमला मात्र ती वाचायची नसते. त्याला लागते ती एमओ नावाची द्विमान (बायनरी) फाइल, जिच्यात वाक्ये क्रमाने लावलेली असतात आणि शोध पटकन लागतो. बिल्डच्या वेळी पीओ फोल्डरमध्ये हीच फाइल ‘जीएमओ’ या शेपटाने तयार होते, कारण ती ग्नूच्या मांडणीची एमओ फाइल असते, आणि इन्स्टॉलच्या वेळी ती ‘लोकेल’ फोल्डरखाली त्या त्या भाषेच्या जागी एमओ या नावाने जाऊन बसते. हे रूपांतर करणाऱ्या साधनाचे नाव ‘एमएसजीएफएमटी’. १९९५ साली ग्नू प्रकल्पाने गेटटेक्स्टची आपली आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात भाषांतराची ही मुख्य वाट राहिली आहे.

आता तुमच्या एररकडे या. ती मेकने दिलेली नाही, एमएसजीएफएमटीनेही दिलेली नाही. ती ‘एमव्ही’ या फाइल हलवणाऱ्या साध्या आज्ञेने दिली आहे. पीओ फोल्डरच्या मेकफाइलमधला नियम चार पावलांचा आहे: जुनी जीएमओ पुसायची, एमएसजीएफएमटीकडून ‘टी-’ उपसर्गाची तात्पुरती फाइल बनवून घ्यायची, ते जमले तर तिचे नाव बदलून खरी जीएमओ करायची, आणि न जमल्यास थांबायचे. एररच्या वरच्या ओळीत मेकने जी आज्ञा छापली आहे ती पुन्हा एकदा नीट वाचा. जिथे साधनाचे नाव असायला हवे, तिथे तुम्हाला फक्त एक विसर्गासारखे चिन्ह, म्हणजे ‘:’, दिसेल. सगळ्या गोंधळाचे मूळ त्या दोन टिंबांत आहे.

शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘:’ ही खरी आज्ञा आहे. तिचा अर्थ ‘काही करू नकोस आणि यशस्वी झालो असे कळव’. कॉन्फिगर चालते तेव्हा ते एमएसजीएफएमटी शोधते. सापडले तर त्याचा पूर्ण मार्ग लिहून ठेवते, आणि न सापडल्यास त्याच्या जागी ‘:’ लिहून पुढे जाते. ज्याच्याकडे टारबॉल आहे आणि ज्याला भाषांतराला हात लावायचा नाही, अशा माणसासाठी ही सोय केलेली होती, कारण टारबॉलमध्ये जीएमओ फायली आधीच तयार असतात आणि त्याला हे साधन लागतच नाही. गिटच्या क्लोनमध्ये मात्र तयार फायली ठेवत नाहीत. म्हणून मेक यादीतल्या पहिल्या भाषेपासून सुरुवात करते, ‘:’ काहीही न करता ‘झाले’ म्हणते, आणि पुढच्या पावलाला एमव्हीला कळते की हलवायला फाइलच नाही. यादी वर्णानुक्रमाने असल्यामुळे पहिला मान अरबीला मिळाला. तुम्ही ती काढल्यावर तो बल्गेरियनकडे गेला. अशा रीतीने एकेक भाषा काढत गेला असता, तर शेवटी मराठीपाशी येऊनही तीच ओळ दिसली असती.

कॉन्फिगर चालवताना पडद्यावरून सरकलेल्या शेकडो ओळींत ‘एमएसजीएफएमटी शोधत आहे... नाही’ अशी एक ओळ नक्की गेली असणार, आणि तिच्या जवळच ‘जीएमएसजीएफएमटी... :’ अशी दुसरी. त्या ओळी ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलमध्ये जपलेल्या असतात. मी नव्याने कामाला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हीच सवय लावतो: मेक पडले की एररच्या ओळीवर डोके आपटण्याऐवजी ती फाइल उघडावी आणि त्या साधनाचे नाव शोधावे. बिल्डमध्ये एखाद्या साधनाचा अभाव ठरतो एका ठिकाणी आणि कळतो दुसऱ्याच ठिकाणी. त्यामुळे जिथे तो कळला तिथे दुरुस्ती करत बसणे व्यर्थ असते.

पॅकेज बसवूनही एरर का राहिली, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. कॉन्फिगरने ज्या क्षणी पाहिले, त्या क्षणाचे चित्र मेकफाइलमध्ये गोठलेले असते. नंतर तुम्ही कितीही साधने बसवलीत, तरी मेक ती पुन्हा शोधत नाही. त्याच्या लेखी साधनाचे नाव अजूनही ‘:’ हेच आहे. म्हणून कॉन्फिगर पुन्हा चालवणे अपरिहार्य आहे. पूर्वी दिलेले पर्याय आठवत नसतील, तर ‘कॉन्फिग.स्टेटस’ या स्क्रिप्टला ‘रीचेक’ हा पर्याय देऊन चालवावे. ती जुन्याच पर्यायांनी सगळी तपासणी पुन्हा करते, आणि नंतर तीच स्क्रिप्ट काहीही न जोडता चालवली की मेकफायली नव्याने लिहिल्या जातात.

गेटटेक्स्ट आधीच आहे असे तुम्हाला वाटले, त्यात तुमची चूक नव्हती. डेबियन आणि उबुंटूमध्ये या साधनांची दोन पॅकेजे आहेत. ‘गेटटेक्स्ट-बेस’ हे छोटे पॅकेज अनेक संगणकांवर आपोआप आलेले असते, कारण ग्रब या बूटलोडरच्या पॅकेजालाही ते लागते. त्यात ‘गेटटेक्स्ट’ नावाची आज्ञा असते, जी चालू शेल स्क्रिप्टला भाषांतर पुरवते, आणि आवृत्ती विचारली की तीच उत्तर देते. एमएसजीएफएमटी, एक्सगेटटेक्स्ट, एमएसजीमर्ज ही बांधकामाची हत्यारे ‘गेटटेक्स्ट’ या दुसऱ्या, मोठ्या पॅकेजात असतात. तेव्हा तपास करायचा तो पॅकेजाच्या नावाचा नव्हे, तर ज्या साधनाची गरज आहे त्याच साधनाला आवृत्ती विचारून.

असेच एक विभाजन ‘ऑटोपॉइंट’चे आहे. डेबियन-उबुंटूत ते स्वतंत्र पॅकेज आहे, तर फेडोरात ते ‘गेटटेक्स्ट-डेव्हेल’ मध्ये येते. गिटच्या क्लोनमध्ये कॉन्फिगर ही स्क्रिप्टसुद्धा नसते; ती ‘कॉन्फिगर.एसी’ वरून ‘ऑटोरीकॉन्फ’ तयार करते, आणि भाषांतराचा सांगाडा आणून ठेवण्याचे काम ते ऑटोपॉइंटकडे सोपवते. तुमच्या प्रकल्पात कॉन्फिगर तयार झाली, यावरून हा टप्पा तुम्ही ओलांडला आहे किंवा प्रकल्पाने ती फाइल रिपॉझिटरीतच ठेवली आहे असे दिसते. पण दुसऱ्या प्रकल्पात ‘एएम-ग्नू-गेटटेक्स्ट हा मॅक्रो बहुधा अपरिभाषित आहे’ अशी ओळ दिसली, तर तिचा अर्थ एवढाच घ्यावा की त्या मॅक्रोचा, म्हणजे कॉन्फिगर.एसी मधल्या त्या आखूड नावाचा, विस्तार सांगणारी एम४ फाइल कॉन्फिगर लिहून देणाऱ्या ऑटोकॉन्फच्या हाताशी नाही. कॉन्फिगर.एसी मधली ती ओळ पुसून पुढे जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा बिल्ड पुढे सरकतो खरा, पण भाषांतराची सगळी यंत्रणाच उपटली गेलेली असते.

सर्वांत फसवी एरर याहून वेगळी आहे, आणि तिच्यावर मी आयुष्यातले तास घालवले आहेत. बसवलेल्या लायब्ररी शोधून देणाऱ्या ‘पीकेजी-कॉन्फिग’चे पॅकेज नसेल, तर त्याचा मॅक्रो ओळखला जात नाही, कधी कधी ऑटोकॉन्फ त्याबद्दल तक्रारही करत नाही आणि मॅक्रोचे नाव जसेच्या तसे कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये उतरवते. मग शेल ती ओळ वाचून ‘वाक्यरचनेत चूक, अनपेक्षित चिन्ह’ असे म्हणते. वाचणाऱ्याला वाटते की स्क्रिप्ट बिघडलेली आहे, आणि तो हजारो ओळींच्या तयार झालेल्या फाइलमध्ये कंस मोजू लागतो. वास्तविक एक छोटे पॅकेज बसवून ऑटोरीकॉन्फ पुन्हा चालवले की प्रश्न संपतो. लिबटूलचेही तसेच: मॅक्रो अपरिभाषित असल्याची तक्रार आली की ‘लिबटूल’ पॅकेज बसवावे. बायसन, फ्लेक्स आणि मेकइन्फो यांच्या अनुपस्थितीत एरर निदान साधनाचे नाव तरी घेते, म्हणून त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

एकेक साधन शोधत बसण्यापेक्षा सोपी वाट आहे, आणि ज्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती तुमच्या वितरणात आधीपासून आहे त्याच्यासाठी ती मी नेहमी सुचवतो. ॲप्टला ‘बिल्ड-डेप’ ही उपआज्ञा आणि पॅकेजाचे नाव दिले की तो प्रोग्रॅम बांधायला लागणारी सगळी पॅकेजे एकदम येतात. त्यासाठी स्रोतांच्या यादीत सोर्स पॅकेजांच्या ओळी चालू असाव्या लागतात. उबुंटूत त्या बहुधा बंद असतात. फेडोरात हेच काम डीएनएफचे ‘बिल्डडेप’ करते.

आता मित्राच्या सल्ल्याकडे येतो, कारण तो चांगल्या हेतूने दिलेला आहे आणि तरीही हानिकारक आहे. टारबॉलमधली जीएमओ तुम्ही उचलून आणली, तर दोनच गोष्टी घडू शकतात. पीओ फाइलची वेळ जीएमओपेक्षा नवी असेल, तर मेक ती जीएमओ शिळी मानते, आणि नियमाचे पहिले पाऊल आठवा: जुनी जीएमओ आधी पुसली जाते. म्हणजे आणलेली फाइल नष्ट होते आणि एरर तीच राहते. याउलट जीएमओची वेळ नवी ठरली, तर मेक तिला हात लावत नाही, बिल्ड यशस्वी होतो, आणि इन्स्टॉल होते ते टारबॉल निघाला त्या दिवशीचे भाषांतर. तुमची एमआर.पीओ नवी आहे, म्हणून टारबॉलमध्ये मराठीची जीएमओ नसणारच. पण ज्या भाषेची जुनी फाइल आहे तिथे दुरुस्त्या केल्या असत्या, तर त्या कोठेच दिसल्या नसत्या आणि का दिसत नाहीत हेही कळले नसते. पडलेला बिल्ड निदान बोलतो. चुकीचा माल घेऊन यशस्वी झालेला बिल्ड काहीच सांगत नाही.

तयार होणारी फाइल आणि तिचा स्रोत यांचे नाते मेक फक्त वेळेवरून ओळखते, आणि गिट फायलींची मूळ वेळ जपत नाही. क्लोन करताना ज्या क्षणी त्या डिस्कवर उतरतात तीच त्यांची वेळ होते. म्हणून ज्या प्रकल्पांनी कॉन्फिगर, मेकफाइल.इन अशा तयार फायलीही रिपॉझिटरीत ठेवलेल्या असतात, तिथे कधी कधी विनाकारण ‘एसीलोकल-१.१५ तुमच्या संगणकावर नाही’ अशी सूचना येते. कोणी ती वाचून नेमकी तीच जुनी आवृत्ती शोधत फिरू नये. ऑटोरीकॉन्फला ‘फोर्स’ आणि ‘इन्स्टॉल’ हे दोन पर्याय देऊन सगळे आपल्या आवृत्तीने नव्याने तयार करून घ्यावे. मेकफाइलचे साचे तयार करणाऱ्या ऑटोमेकच्या १.१३ पूर्वीच्या आवृत्त्यांत ‘मिसिंग’ नावाची स्क्रिप्ट अशा वेळी शिळ्या फाइलची वेळच बदलून टाकत असे आणि बिल्ड पुढे ढकलत असे. २०१२ च्या अखेरीस आलेल्या १.१३ पासून ती फक्त इशारा देते. हा बदल योग्यच होता असे माझे मत आहे.

आवृत्त्यांची सरमिसळ झाली, तर ‘गेटटेक्स्टच्या पायाभूत रचनेत विसंगती’ अशी एरर येते, जिच्यात मेकफाइल.इन.इन एका आवृत्तीची आणि मॅक्रो दुसऱ्या आवृत्तीचे असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. तिचाही उपाय वरचाच आहे. मात्र इथे ‘गेटटेक्स्टाइझ’ ही आज्ञा चालवू नये. ती प्रकल्पाच्या देखरेखदारासाठी आहे आणि मूळ फायलींत फेरफार करते.

तयार फायली टारबॉलमध्ये असणे वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही गावभागातल्या कार्यालयातून संगणक वेळेत हलवून मिरजेत एका सहकाऱ्याच्या घरी मांडले होते. इंटरनेट जवळपास नव्हतेच, आणि एका ग्राहकाला नव्या यंत्रावर एक साधन तातडीने बांधून द्यायचे होते. माझ्याकडे पेन ड्राइव्हवर दोन गोष्टी होत्या: त्या साधनाचा अधिकृत टारबॉल आणि त्याच आवृत्तीचा गिट क्लोन. टारबॉल केवळ कंपायलर आणि मेक यांवर बांधला गेला, कारण कॉन्फिगर, पार्सरच्या सी फायली आणि जीएमओ हे सगळे त्यात तयार होते. क्लोन पहिल्याच पावलाला अडला. ऑटोकॉन्फ नाही, आणि ते आणायला वाट नाही. टारबॉलची ही सोय ज्यांनी आखली, त्यांनी अशाच माणसाचा विचार केला होता. तेव्हापासून मी लागणारी सगळी डेब पॅकेजे एका यंत्रावर ‘डाउनलोड-ओन्ली’ पर्यायाने उतरवून डिस्कवर बाळगतो. खोलीवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तसे करणे सोयीचे पडेल.

पण त्या सोयीची दुसरी बाजू २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिली. एक्सझी या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये ‘बिल्ड-टू-होस्ट.एम४’ या फाइलचे असे रूप होते, जे गिट रिपॉझिटरीत नव्हते. मूळ फाइल ग्नूलिब या ग्नूच्या सामायिक कोड-संग्रहातली, आणि गेटटेक्स्टच्या मॅक्रोंबरोबर अनेक प्रकल्पांत येणारी. म्हणून तिच्याकडे कोणी संशयाने पाहिले नाही. बदललेल्या रूपाने चाचणीच्या फायलींत लपवलेला घातक कोड बिल्डच्या वेळी बाहेर काढला जात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एसएसएच लॉगिनला लागणारा थोडा जास्त वेळ पाहून माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीर केला. त्या दिवसापासून मी ग्राहकाच्या यंत्रासाठी जे बांधतो, ते टारबॉलमधले असले तरी ऑटोरीकॉन्फने पुन्हा तयार करून मगच बांधतो. तेवढ्याने सगळे धोके टळत नाहीत, कारण ऑटोरीकॉन्फ प्रकल्पातल्या एम४ फायली वाचणारच. म्हणून टारबॉल आणि गिटमधली त्याच आवृत्तीची खूण यांतला फरकही मी पाहतो. तयार फाइल दुसऱ्याकडून उचलण्यापेक्षा तिच्या स्रोतातून स्वतः तयार करावी, या आग्रहामागे माझे हे दुसरे कारण आहे.

तुम्हाला केवळ प्रोग्रॅम हवा असता आणि भाषा नको असती, तर कॉन्फिगरला ‘डिसेबल-एनएलएस’ हा पर्याय देणे पुरेसे होते; मग पीओ फोल्डरमध्ये काहीच बांधले जात नाही. हा प्रामाणिक मार्ग आहे. एमएसजीएफएमटी या नावाने ‘ट्रू’ची, म्हणजे काही न करता यश कळवणाऱ्या आज्ञेची, प्रत ठेवून बिल्ड फसवू पाहणे हा मात्र अप्रामाणिक मार्ग आहे, आणि ‘:’ प्रमाणे तोही एमव्हीपाशीच अडतो. तसेही तुमचे सगळे काम मराठीसाठीच आहे, तेव्हा दोन्ही तुमच्या उपयोगाचे नाहीत.

पुढचा प्रकल्प मेसन किंवा सीमेक या दुसऱ्या बिल्ड-साधनांवर असू शकेल, म्हणून तेवढे सांगतो. मेसनला गेटटेक्स्ट सापडले नाही, तर ते इशारा देते की भाषांतराची सगळी लक्ष्ये वगळली जातील, आणि शांतपणे पुढे जाते. प्रोग्रॅम बांधला जातो, पण फक्त इंग्रजीत. इथे कोणतीही एरर येत नाही, त्यामुळे सेटअपच्या वेळी छापलेले इशारे वाचणे हाच उपाय. ‘आयटीएस नियम सापडत नाहीत’ अशी तक्रार एक्सएमएल फायलींच्या भाषांतरावेळी येते. एक्सएमएलमधला कोणता मजकूर भाषांतरायचा हे सांगणारे ते नियम गेटटेक्स्टबरोबर येतातच असे नाही, पोलकिटसारख्या त्या त्या घटकाच्या विकास-पॅकेजातून येतात. क्यूटीच्या प्रकल्पांत टीएस फायलींवरून क्यूएम फायली बनतात आणि साधनाचे नाव ‘एलरिलीज’ असते, न्याय तोच.

आता तुमच्या क्लोनमध्ये पुढे काय करायचे ते. सुरुवात स्वच्छ करावी असे कोणीही सांगेल, आणि त्यासाठी ‘गिट क्लीन’ सुचवेल. इथे थांबा. तुमची एमआर.पीओ नवी आहे. तुम्ही ती ‘गिट ॲड’ केलेली नसेल, तर गिटच्या दृष्टीने ती अनोळखी फाइल आहे आणि ती आज्ञा तिला इतर कचऱ्याबरोबर पुसून टाकेल. माझे स्वतःचे एका रात्रीचे भाषांतर असेच गेले आहे आणि ते परत मिळाले नाही. आधी फाइल ॲड करून कमिट करा, मग हवे तर त्या आज्ञेला ‘ड्राय-रन’चा पर्याय देऊन काय पुसले जाणार आहे ते पाहा. त्याहून बरे म्हणजे पुढच्या वेळी बिल्डसाठी वेगळा फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवावे. तो फोल्डर केव्हाही निर्धास्तपणे पुसता येतो. मात्र या जुन्या गेटटेक्स्ट नियमांत जीएमओ सोर्सच्याच फोल्डरमध्ये तयार होतात, हे लक्षात असू द्या.

मेक चालवण्याआधी एमएसजीएफएमटीला ‘चेक’ आणि ‘स्टॅटिस्टिक्स’ हे पर्याय देऊन एकट्या एमआर.पीओवर चालवा. मेकच्या नियमातही हीच तपासणी असते, म्हणून इथे जे अडेल ते तिथेही अडणारच. मराठीत मला वारंवार आढळणाऱ्या चुका मोजक्याच आहेत. मूळ वाक्याच्या शेवटी नव्या ओळीची खूण असेल आणि भाषांतरात ती सुटली, तर फाइल नाकारली जाते. शीर्षभागातला अक्षरसंचाचा रकाना भरायचा राहिलेला असतो. तिथे यूटीएफ-८ हवे. अनेकवचनाच्या ओळीत मराठीसाठी दोन रूपे सांगायची असतात, एकासाठी एक आणि इतर सर्व संख्यांसाठी दुसरे. आणि एक चूक खास आपली आहे. ‘अमुक फोल्डरमध्ये इतक्या फायली नकलल्या’ अशा वाक्यात इंग्रजीत संख्या आधी आणि फोल्डरचे नाव नंतर येते, तर मराठीत फोल्डर आधी घ्यावा लागतो. तेव्हा टक्का-चिन्हानंतर क्रमांक आणि डॉलरचे चिन्ह घालून कोणती जागा कोणाची हे सांगायचे असते. देवनागरी कीबोर्ड चालू ठेवून हा क्रमांक टाइप केला की तो देवनागरी अंक होतो, डोळ्यांना बरोबर दिसतो, आणि तपासणी मात्र अपयशी ठरते. तिथे इंग्रजी अंकच लागतो. ‘फझी’ अशी खूण असलेली वाक्ये जीएमओमध्ये जात नाहीत, हेही आकडेवारी पाहताना ध्यानात ठेवा. भाषांतर दिसत नसल्याच्या निम्म्या तक्रारींमागे मला तीच खूण सापडली आहे.

बिल्ड झाल्यावर प्रोग्रॅम बिल्डच्या फोल्डरमधून चालवून पाहू नका, कारण तो भाषांतर शोधतो ते कॉन्फिगरला सांगितलेल्या ‘प्रीफिक्स’खालच्या लोकेल फोल्डरमध्ये. प्रीफिक्स म्हणून आपल्या होम फोल्डरमधला एखादा मार्ग द्या, मेक इन्स्टॉल करा, आणि तिथून चालवा. संगणकावर ‘एमआर-आयएन’ हे लोकेल तयार केलेले नसेल, तर ‘लोकेल-जेन’ने ते आधी तयार करून घ्या, कारण चालू लोकेल ‘सी’ असेल तर ‘लँग्वेज’ या चलात मराठी लिहिले तरी ते विचारात घेतले जात नाही. तरीही इंग्रजीच दिसले, तर प्रोग्रॅम सिस्टमकडे काय मागतो ते दाखवणाऱ्या ‘एसट्रेस’खाली प्रोग्रॅम चालवून तो कोणत्या मार्गावरची एमओ फाइल उघडू पाहतो ते वाचा. तर्क करण्यापेक्षा ते लवकर होते.

शेवटी, बदल पाठवण्याआधी ‘गिट स्टेटस’ पाहा. तुम्ही न उघडलेल्या भाषांच्या पीओ फायलीही बदललेल्या दिसण्याची शक्यता आहे, कारण बिल्डच्या वेळी एक्सगेटटेक्स्टने मूळ वाक्यांचा साचा नव्याने काढला की एमएसजीमर्ज प्रत्येक पीओमधले ओळक्रमांक अद्ययावत करते. ते बदल तुमचे नाहीत. ‘गिट रिस्टोर’ने ते मागे घ्या. पाठवायच्या त्या दोनच फायली: एमआर.पीओ आणि एका शब्दाने वाढलेली लिंग्वास. जीएमओ पाठवू नका. ती प्रकल्पाच्या देखरेखदाराकडे तुमच्या पीओवरून तयार होईल.

कॉन्फिगर पुन्हा चालवल्यावरही ‘:’ तसाच दिसला, तर कॉन्फिग.लॉगमधल्या एमएसजीएफएमटीच्या आसपासच्या वीस-एक ओळी आणि पाथ या चलाची, म्हणजे आज्ञा कुठे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीची, किंमत मला पाठवा. साधन बसवलेले असूनही ज्या टर्मिनलमधून कॉन्फिगर चालते त्याच्या पाथमध्ये ते नाही, असेही मी दोनदा पाहिले आहे; दोन्ही वेळा पायथॉनच्या एका वितरणाने पाथ स्वतःच्या सोयीने बदललेला होता.